कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थी आणि श्रेयांक परीक्षा : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

अकरावी व बारावीच्या दोन वर्षांत विज्ञान शाखेचा विद्यार्थी एकाच वेळी अनेक परीक्षांची तयारी करीत असतो. राज्य मंडळाची उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, वैद्यकीय शिक्षणासाठी ‘नीट’ आणि काहींच्या बाबतीत ‘जेईई’ अशी ही यादी आहे. बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थीही यास अपवाद नाहीत. या परीक्षांना असलेल्या एका समान मर्यादेकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. त्या विद्यार्थ्यास कोठेतरी प्रवेश मिळवून देतात अथवा नाकारतात; विद्यार्थ्याने जे शिकून घेतले ते त्याच्या पुढील शिक्षणात जमा करीत नाहीत. दोन वर्षे जीवशास्त्राचा कसून अभ्यास केलेला विद्यार्थी थोड्या गुणांनी वैद्यकीय प्रवेशास मुकतो आणि खामगाव, चिखली किंवा मलकापूर येथे बी.एस्सी. प्रथम वर्षास येतो, तेव्हा त्याचा आरंभ बारावी जेमतेम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्याच रेषेवरून होतो.

अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांसाठी या प्रश्नाचे एक उत्तर सात दशकांपूर्वी शोधले गेले. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांत विद्यार्थी शाळेत असतानाच महाविद्यालयीन प्रथम वर्षाच्या पातळीचा विषय शिकतो, परीक्षा देतो आणि गुण पुरेसे असल्यास त्या विषयाचे श्रेयांक पदवीत जमा होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांक पद्धती आता आपल्या महाविद्यालयांत प्रत्यक्ष आली आहे. त्यामुळे ही व्यवस्था नेमकी कशावर उभी आहे, महाराष्ट्रात तिच्या जवळपासचे काय अस्तित्वात आहे आणि बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात तिचा विचार करताना कोणत्या अडचणी येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रवेश परीक्षा आणि श्रेयांक परीक्षा :

दोन्ही प्रकारच्या परीक्षा बारावीच्या वयात दिल्या जातात, दोन्हींसाठी शिकवणी लागते आणि दोन्हींचा निकाल अंकांत मिळतो. त्यामुळे त्या एकाच जातीच्या आहेत असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा हेतू परस्परांहून भिन्न आहे.

प्रवेश परीक्षेचा हेतू क्रम लावणे हा असतो. जागा मर्यादित आणि उमेदवार अनेक, म्हणून कोण पुढे व कोण मागे हे ठरविणे आवश्यक ठरते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल शतमानकात दिला जातो, यातच तिचे स्वरूप स्पष्ट होते. विद्यार्थ्यास किती येते यापेक्षा इतरांच्या तुलनेत तो कोठे आहे, हे शतमानक सांगते. या परीक्षेत प्रश्न बहुपर्यायी असतात, चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, आणि अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमास सुमारे ८० टक्के भारांश असतो. ‘नीट’मध्ये १८० प्रश्न व ७२० गुण असून चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. अशा परीक्षेत एका प्रश्नास जेमतेम एक मिनिट मिळते. वेगास महत्त्व येते ते यामुळे. विषय कच्चा असतो म्हणून नव्हे.

श्रेयांक परीक्षेस क्रमाशी कर्तव्य नसते. एका ठराविक अभ्यासक्रमाची ठराविक पातळी विद्यार्थ्याने गाठली आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो. शंभरांपैकी शंभर विद्यार्थ्यांनी ती पातळी गाठली तर शंभरही जणांना श्रेयांक मिळावयास हवेत. येथे एकाचे यश दुसऱ्याच्या जागेवर आक्रमण करीत नाही. दुसरे असे की, प्रवेश परीक्षेचा निकाल त्या वर्षाचा प्रवेश संपला की बहुधा निरुपयोगी होतो. श्रेयांक मात्र टिकतो.

अमेरिकन पद्धतीचे स्वरूप :

या पद्धतीचा उगम पुनरावृत्तीच्या तक्रारीत आहे. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत दोन स्वतंत्र प्रयत्न झाले. एकात अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल ही तीन विद्यापीठे एकत्र आली. दुसरा केन्यन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन कीथ चामर्स यांच्या पुढाकाराने झाला. दोन्हींस फोर्ड प्रतिष्ठानाने स्थापन केलेल्या निधीचे साहाय्य होते. चांगल्या शाळांतील विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आधी शिकलेलेच पुन्हा शिकतात, त्यांचा वेळ जातो आणि उत्साहही मावळतो, असे या अभ्यासांतून पुढे आले. १९५५ मध्ये ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ही योजना आपल्याकडे घेतली व १९५६ मध्ये सुमारे बाराशे विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. आज ही संख्या दरवर्षी पंचवीस लाखांहून अधिक आहे.

परीक्षा दरवर्षी मे महिन्यात होते. कलन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र इत्यादी सुमारे चाळीस विषय उपलब्ध आहेत. बहुतेक प्रश्नपत्रिकांचा एक भाग बहुपर्यायी व दुसरा विस्तृत उत्तरांचा असतो. निकाल १ ते ५ या श्रेणीत मिळतो. ३ म्हणजे पात्र, ४ म्हणजे सुपात्र आणि ५ म्हणजे अत्यंत सुपात्र असे मानले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ‘एपी’ हे दोन अक्षरी नाव दहावी-बारावीइतकेच परिचित आहे. (परदेशी भाषांच्या विषयांत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी, जपानी आहेत, मराठी तर नाहीच, पण कोणतीही भारतीय भाषा नाही.)

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. महाविद्यालयाने शाळेवर विश्वास का ठेवावा, हा या व्यवस्थेचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनाच व्यवस्थेच्या आत घेण्यात आले. अभ्यासक्रमाचा आराखडा ठरविणाऱ्या समित्यांत ते असतात. शाळेतील शिक्षकास आपला पाठ्यक्रम तपासणीसाठी पाठवावा लागतो; ही पद्धत २००७ पासून आहे आणि तपासणी महाविद्यालयीन अध्यापक करतात. परीक्षेनंतर विस्तृत उत्तरे तपासण्यासाठी शालेय शिक्षक व महाविद्यालयीन अध्यापक एकत्र बसतात, आणि प्रत्येक विषयाचा मुख्य परीक्षक महाविद्यालयीन अध्यापकच असतो. शिवाय श्रेणी कोठे निश्चित करावी यासाठी महाविद्यालयात तोच विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना काही समान प्रश्न देऊन त्यांच्या उत्तरांशी तुलना करण्याची पद्धत दीर्घकाळ वापरली गेली.

तरीही अंतिम निर्णय परीक्षा मंडळाचा नसतो. किती श्रेणीस किती श्रेयांक द्यावयाचे, अथवा श्रेयांक न देता केवळ वरच्या वर्गात बसू द्यावयाचे, हे प्रत्येक विद्यापीठ ठरविते. अनेक राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठे ३ या श्रेणीस मान्यता देतात, तर निवडक विद्यापीठे ५ चा आग्रह धरतात. डार्टमाउथ महाविद्यालयाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील मानसशास्त्र विभागाने ५ श्रेणी मिळविलेल्या नवागत विद्यार्थ्यांना स्वतःच्या प्रथम वर्षाच्या अंतिम परीक्षेची संक्षिप्त प्रश्नपत्रिका दिली असता सुमारे ९० टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले. कॉलेज बोर्डाने या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. परंतु २०१३ मध्ये डार्टमाउथने निर्णय जाहीर केला आणि २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून या परीक्षांचे श्रेयांक देणे थांबविले. परीक्षेतील गुण व विषयाची जाण यांत अंतर राहू शकते, ही शंका म्हणजे केवळ आपल्याकडील शिकवणी वर्गांविषयीचा पूर्वग्रह नव्हे.

आणखी एक दोष नोंदविणे आवश्यक आहे. या योजनेची सुरुवात श्रीमंत शाळांतून झाली व तिचा लाभ दीर्घकाळ तशाच शाळांना अधिक मिळाला. प्रत्येक विषयाचे परीक्षा शुल्क सुमारे शंभर डॉलर आहे. गरजू विद्यार्थ्यांना सवलत असली तरी ज्या शाळेत विषयच शिकविला जात नाही, तेथील विद्यार्थ्यास सवलतीचा उपयोग नसतो.

महाराष्ट्राचा उलटा प्रवास :

शाळा कोठे संपते व महाविद्यालय कोठे सुरू होते, या प्रश्नाचे महाराष्ट्राने दिलेले उत्तर अमेरिकेच्या नेमके विरुद्ध दिशेचे आहे. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते, दहा अधिक दोन अधिक तीन या रचनेचा पुरस्कार केला व विद्यापीठांकडील पूर्वपदवी शिक्षण शाळांकडे सोपवावे असे सुचविले. त्यापूर्वी अकरावीच्या शालान्त परीक्षेनंतर विद्यार्थी थेट महाविद्यालयात येत असे. १९७५ मध्ये राज्यात दहा वर्षांच्या अभ्यासक्रमाची शालान्त परीक्षा झाली आणि पुढील दोन वर्षे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नव्या नावाखाली आली.

नाव महाविद्यालयाचे, मंडळ शाळेचे, अशी ही संमिश्र व्यवस्था आहे. काही कनिष्ठ महाविद्यालये माध्यमिक शाळांना जोडली गेली, तर अनेक वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात राहिली. बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी आजही एकाच प्रवेशद्वारातून बारावीचा व बी.एस्सी.चा विद्यार्थी आत येतो. ग्रंथालय एक, मैदान एक, कित्येक ठिकाणी प्रयोगशाळेची भिंतही सामाईक. परंतु बारावीची परीक्षा राज्य मंडळाच्या अमरावती विभागाकडे व पदवीची संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. दोन्ही ठिकाणचे अध्यापक चहाच्या वेळी भेटतात. अभ्यासक्रमांची गाठ मात्र पडत नाही.

परिणामी पुनरावृत्ती अटळ होते. २०२० पासून लागू झालेल्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात परिवलन गतिकी, द्रायूंचे यांत्रिक गुणधर्म, उष्मागतिकी, दोलने हे घटक आहेत. रसायनशास्त्रात द्रावणे, रासायनिक उष्मागतिकी, विद्युत रसायनशास्त्र, रासायनिक गतिकी. पदवीच्या प्रथम वर्षात यांतील बरेचसे घटक पुन्हा येतात. ते अधिक गणिती काटेकोरपणाने यावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात वर्गातील दुर्बल विद्यार्थ्यास सांभाळून घेताना अध्यापकास पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागतो आणि ज्याला ते आधीच येते तो विद्यार्थी वर्गात येणे सोडतो.

तंत्रनिकेतनाचा अनुभव :

महाराष्ट्रात शालेय शिक्षण पुढील पदविकेत जमा करण्याची परंपराच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ती आहे, आणि तिच्याकडे विद्यापीठीय वर्तुळाने फारसे पाहिलेले नाही.

बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थी, तसेच दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदविकेच्या थेट द्वितीय वर्षास प्रवेश घेऊ शकतो. खामगाव येथील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांत हा मार्ग परिचित आहे. पुढे पदविकाधारक अभियांत्रिकी पदवीच्याही थेट द्वितीय वर्षास जातो. म्हणजे दहावीनंतर वायरमन किंवा फिटरचे प्रशिक्षण घेतलेला शेतमजुराचा मुलगा दोन वेळा एकेक वर्ष वाचवीत शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पोहोचू शकतो. कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचाही येथे उल्लेख करावयास हवा. त्यात विद्यार्थी दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांऐवजी इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय, विद्युत देखभाल असा २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतो.

यात एक विसंगती आहे. ज्या विद्यार्थ्यांना समाज ‘कमी हुशार’ समजून आयटीआयकडे वळवितो, त्यांचे आधीचे शिक्षण जमा धरले जाते. आणि ज्यांना हुशार समजून विज्ञान शाखेत पाठविले जाते, ते बी.एस्सी.स आले की त्यांच्या खात्यावर शून्य असते. तंत्रशिक्षणात हे शक्य झाले याचे कारण तेथे वर्षाला वर्षाची समतुल्यता एकदा प्रशासकीय आदेशाने ठरली व प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र परीक्षा घेण्याची गरज राहिली नाही. याची किंमतही आहे. थेट द्वितीय वर्षास आलेल्या विद्यार्थ्यास, विशेषतः आयटीआयच्या विद्यार्थ्यास, गणित जड जाते, हा तंत्रनिकेतनातील अध्यापकांचा नित्याचा अनुभव होय. वर्षे समान मानली म्हणून आशय समान होत नाही. श्रेयांक परीक्षा ही उणीव भरून काढू शकते, कारण ती वर्षाऐवजी विषय मोजते.

जिल्ह्यातील विद्यार्थी व त्याची दोन वर्षे :

बुलडाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा आहे आणि वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाची तयारी करणारा विद्यार्थी त्यांतील बहुतेक तालुक्यांतून बाहेर जातो. अकोला सर्वांत जवळचे; त्याखेरीज लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, ऐपत असल्यास कोटा. अनेकदा कनिष्ठ महाविद्यालयातील प्रवेश नावापुरता गावी राहतो आणि विद्यार्थी शहरात खोली घेऊन शिकवणी वर्गास जातो. ही प्रवृत्ती राज्यभर इतकी वाढली की २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. हजेरीच्या यंत्राने विद्यार्थी वर्गात आणता येईलही. वर्गात त्याला काही मिळते आहे असे वाटणे, हे त्या यंत्राचे काम नव्हे.

भाषेचा अडथळा स्वतंत्र आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी परिभाषेस सामोरा जातो. त्याचे पहिले सहा महिने ‘वेग’ व ‘चाल’ यांना ‘व्हेलॉसिटी’ व ‘स्पीड’ म्हणावयास शिकण्यातच जातात. ‘नीट’ मराठीत देता येते आणि २०२१ पासून ‘जेईई’ मुख्य परीक्षाही; परंतु अध्ययन साहित्य व शिकवणी इंग्रजीत असल्याने या सवलतीचा उपयोग मर्यादित राहतो.

२०२४ मध्ये बुलडाणा येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याच्या आरोग्य व्यवस्थेच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे आणि पालकांच्या आशा त्यामुळे वाढल्या. तथापि वैद्यकीय प्रवेशातील विभागनिहाय ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द झाले असल्याने या जागा जिल्ह्यातील अथवा विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी राखीव नाहीत. महाविद्यालय जवळ आले, स्पर्धा मात्र संपूर्ण राज्याशीच राहिली.

ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणे, आणि दुसरी म्हणजे जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.स प्रवेश घेणे. पहिल्या वाटेत वर्ष व पैसा दोन्ही जातात. मुलींच्या बाबतीत ही वाट बऱ्याच कुटुंबांत खुलीच नसते. मुलाला दुसरी संधी मिळते, मुलीला स्थळ पाहण्यास सुरुवात होते. दुसऱ्या वाटेने आलेला विद्यार्थी मनाने पराभूत असतो. महाविद्यालयात त्याचे स्वागत ‘नीटमध्ये न लागलेला’ म्हणून होते आणि दोन वर्षांत त्याने जे कमावले त्याची कागदावर कोठेच नोंद नसते. श्रेयांक परीक्षेचा विचार अशा विद्यार्थ्यासाठी आहे. परदेशी जाणाऱ्या मूठभरांसाठी तो करण्याची आवश्यकता नाही. त्यांची सोय महानगरांतील आंतरराष्ट्रीय शाळा करीतच आहेत.

श्रेयांक आराखडा : शक्यता आणि मर्यादा :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम जारी केले. त्यानुसार विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या खात्यात साठविले जातात व ते कमाल सात वर्षे वापरता येतात. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने हीच कल्पना शालेय शिक्षणापर्यंत नेली. या आराखड्यात वर्षभराचे १२०० अध्ययन तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात एका श्रेयांकास ३० तास असे गणित आहे. या तासांत वर्गाखेरीज स्वाध्याय, प्रकल्प व परीक्षाही धरल्या जातात.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. बारावीच्या विद्यार्थ्याला ४० श्रेयांक मिळाले म्हणजे ते बी.एस्सी.च्या ४० श्रेयांकांऐवजी चालतील, असे होत नाही. श्रेयांकाला संख्येबरोबर स्तरही असतो. आराखड्यात दहावीचा स्तर ३, बारावीचा ४ आणि पदवी प्रथम वर्षाचा ४.५ आहे. चौथ्या स्तरावरील श्रेयांक कितीही साठले तरी त्यांतून साडेचारचा एकही श्रेयांक तयार होत नाही. अमेरिकन पद्धतीचे मर्म नेमके येथेच आहे. तेथे शाळेतील नेहमीच्या विषयास श्रेयांक मिळत नाहीत. शाळेच्या इमारतीत शिकविलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयास मिळतात. म्हणून आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवरून श्रेयांक देण्याची मागणी करणे चुकीचे ठरेल, आणि सामाईक प्रवेश परीक्षेच्या शतमानकावरून देण्याची मागणी त्याहूनही चुकीची.

आवश्यक आहे तो स्तर ४.५ चा एखादा विषय कनिष्ठ महाविद्यालयात ऐच्छिक म्हणून शिकविण्याची तरतूद. त्याचा आकार किती असेल? पदवीचा चार श्रेयांकांचा विषय घेतला, त्यात तीन श्रेयांक तात्त्विक व एक प्रात्यक्षिक मानला, तर १५ तासांना एक तात्त्विक व ३० तासांना एक प्रात्यक्षिक श्रेयांक या प्रमाणाने ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ घड्याळी तासांचे अध्यापन लागते. ते दोन वर्षांवर, प्रत्येकी ३० आठवड्यांत, विभागले तर आठवड्याला सव्वा तास होतो. जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयांत कनिष्ठ व वरिष्ठ विभाग एकाच आवारात आहेत, तेथे शनिवारचा एक दीर्घ तास यास पुरेसा आहे. प्रयोगशाळा आहेत, अध्यापकही आहेत. पदवी प्रथम वर्षाचे श्रेयांक ४० ते ४४ असल्याने चार श्रेयांकांनी वर्ष वाचणार नाही, ही गोष्ट खरी. पण एका विषयातून मोकळा झालेला विद्यार्थी तो वेळ ‘स्वयम्’वरील एखाद्या अभ्यासक्रमास किंवा पुन्हा प्रवेश परीक्षेच्या तयारीस देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला घरी बसून वर्ष घालवावे लागत नाही.

भारतात या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या २०२० मध्ये जाहीर झालेल्या विदाविज्ञानाच्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमात अकरावी पूर्ण केलेला विद्यार्थी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा देऊ शकतो व बारावीनंतर प्रवेश घेतो. ही श्रेयांक परीक्षा नव्हे, पात्रता परीक्षाच आहे. परंतु तिची कसोटी त्या संस्थेच्या स्वतःच्या अभ्यासक्रमावर आधारलेली आहे, आणि पात्रतेची रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकास ती खुली आहे.

अध्यापकांसमोरील प्रश्न :

महाराष्ट्रात संलग्नित महाविद्यालयांतील पदवी वर्गांना नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांच्या चौकटी सांभाळताना अध्यापकांची आधीच दमछाक होत आहे. त्यांत आणखी एक योजना कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

सर्वांत अवघड प्रश्न कार्यभाराचा आहे आणि त्याविषयी संकोचाने बोलले जाते. प्रथम वर्षाच्या एखाद्या विषयातून काही विद्यार्थी मोकळे झाले तर तुकडी लहान होईल, तुकडी लहान झाली तर तासिका कमी होतील, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांवर त्याचा पहिला आघात होईल, ही भीती निराधार नाही. म्हणूनच कनिष्ठ विभागात शिकविलेला हा विषय वरिष्ठ विभागाच्या कार्यभारात धरला जाणे ही योजनेची पूर्वअट मानावयास हवी. तो ‘अतिरिक्त उपक्रम’ म्हणून लादला गेला तर अहवालात दिसेल, वर्गात दिसणार नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. संलग्नित महाविद्यालय स्वतःहून श्रेयांक देऊ शकत नाही; अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने तयार करून विद्यापरिषदेने मान्य करावा लागतो. स्वायत्त महाविद्यालयांना अधिक मोकळीक आहे व आरंभ तेथून होणे सोयीचे ठरेल. परीक्षा कोणाची, हेही प्रारंभीच ठरवावयास हवे. ज्याने शिकविले त्यानेच गुण द्यावयाचे ठरल्यास इतर महाविद्यालये ते श्रेयांक स्वीकारताना कुरकुर करतील. अमरावती विभागातील कनिष्ठ व वरिष्ठ अध्यापकांनी एका ठिकाणी बसून सर्व उत्तरपत्रिका तपासाव्यात, ही अमेरिकेतील पद्धत येथे घेता येण्यासारखी आहे. मध्यवर्ती मूल्यमापनाचा अनुभव आपल्या अध्यापकांना भरपूर आहे. प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्न मर्यादित ठेवून सिद्धता, आकृती, प्रयोगाची मांडणी व निरीक्षणांचे विश्लेषण यांस अधिक गुण द्यावे लागतील. अन्यथा वर्षभरात याही परीक्षेचे शिकवणी वर्ग अकोल्यात निघतील. तसे झाल्यास ज्यांच्यासाठी हा विचार केला, तो मोताळा किंवा लोणार तालुक्यातील विद्यार्थी पुन्हा बाहेर राहील.

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास येथे संख्येहून अधिक महत्त्व आहे. नावापुरता प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची प्रयोगवही बहुधा शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याची पाहून लिहिली जाते. ३० तास प्रयोगशाळेत उभे राहिल्याखेरीज मिळत नाही असा श्रेयांक असेल, तर गावातल्या महाविद्यालयात राहण्याचे एक कारण विद्यार्थ्याला मिळते, आणि हे कारण कोणताही शिकवणी वर्ग देऊ शकत नाही.

अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे काय, हा प्रश्न राहतो. अमेरिकेत विद्यार्थी आपली श्रेणी कोणत्या विद्यापीठास पाठवावयाची हे स्वतः ठरवितो. कमी गुण पाठविण्याची सक्ती नसते. येथेही या विषयाचा निकाल बारावीच्या गुणपत्रिकेवर येऊ नये. उत्तीर्ण झाल्यास श्रेयांक खात्यात जमा व्हावेत, अनुत्तीर्ण झाल्यास कोठेही नोंद राहू नये आणि पदवीच्या प्रथम वर्षात तोच विषय इतरांप्रमाणे नियमित घेण्याची मुभा असावी. सात वर्षांच्या मुदतीमुळे बारावीनंतर घरच्या अडचणीने शिक्षण थांबलेल्या मुलीलाही, ती चोविसाव्या वर्षी महाविद्यालयात परतली तरी, आपल्या खात्यातील चार श्रेयांक तसेच सापडतील.